मुलाचा पाय प्लास्टरमध्ये असताना घरच्यांनी काय पाहावे

सहा-सात वर्षांच्या मुलाच्या नडगीचे हाड मोडले, तर बहुतेक वेळा शस्त्रक्रिया लागत नाही. हाडांचे डॉक्टर एक्स-रे पाहून, गरज असल्यास भूल देऊन हाड जागेवर बसवतात, मांडीपासून पायाच्या बोटांपर्यंत प्लास्टर घालतात आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मुलाला घरी पाठवतात. दवाखान्यातला भाग असा थोडक्यात आटोपतो आणि पुढचे सहा ते आठ आठवडे घरच्यांवर येऊन पडतात. हाड लवकर जुळावे म्हणून आपणही काहीतरी केले पाहिजे, या काळजीपोटी मग घरात नाना उपाय सुरू होतात. प्रत्यक्षात हाड जुळवण्याचे काम मुलाचे शरीर आपले आपण करत असते. घरच्यांकडे येते ते वेगळेच काम, आणि ते कमी महत्त्वाचे नाही: प्लास्टरच्या आत काय चालले आहे हे डोळ्यांना दिसत नसताना बाहेरच्या खुणांवरून ते ओळखत राहणे.

आत काय घडत असते

मुलांचे हाड मोठ्यांच्या हाडापेक्षा लवचिक असते, त्यामुळे ते पुष्कळदा ओल्या फांदीसारखे एका बाजूने तडकते आणि दुसऱ्या बाजूने नुसतेच वाकते. हाडावरचे आवरणही मुलांमध्ये जाड आणि भरपूर रक्तपुरवठा असलेले असते. हाड मोडले तरी ते आवरण अनेकदा अंशतः शाबूत राहते आणि तुटलेल्या टोकांना धरून ठेवते. मोडलेल्या जागी आधी रक्ताची गाठ तयार होते, दोन-तीन आठवड्यांत तिच्या जागी मऊ नवे हाड येते, पुढच्या काही आठवड्यांत ते कठीण होते, आणि नंतर कितीतरी महिने, कधी वर्षे, शरीर त्या जागेला तासून मूळ आकार देत राहते. प्लास्टर काढल्यावर नडगीवर हाताला जो उंचवटा लागतो तो हाच नव्या हाडाचा थर असतो, आणि त्याची भीती बाळगण्याचे कारण नसते.

लहान मुलांच्या एक्स-रेमध्ये हाड थोडे वाकडे दिसत असूनही डॉक्टर “हे चालेल” असे म्हणतात, तेव्हा पालकांना तो हलगर्जीपणा वाटतो. वाढत्या वयात हाडाचा थोडाफार बाक आपोआप सरळ होतो, हे त्यामागचे कारण आहे. मात्र हाडाला पीळ पडला असेल, म्हणजे पाऊल आत किंवा बाहेर वळले असेल, तर तो दोष वाढीबरोबर फारसा सुधारत नाही. म्हणूनच प्लास्टर घालताना डॉक्टर गुडघ्याच्या मानाने पावलाची दिशा इतकी बारकाईने पाहतात.

लागणारा काळ वयावर ठरतो. नुकतेच चालू लागलेल्या बाळाची नडगी तीन-चार आठवड्यांत जुळते, शाळेत जाणाऱ्या मुलाला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, तर चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला दहा-बारा आठवडेही लागू शकतात. शेजारच्या मुलाचे प्लास्टर महिन्याभरात निघाले म्हणून आपल्याही मुलाचे निघावे, ही अपेक्षा वय पाहिल्याशिवाय करू नये.

अपघातानंतर लगेच सूज येणार असते, म्हणून पुष्कळदा आधी कच्चे प्लास्टर, म्हणजे पायाच्या मागच्या बाजूला प्लास्टरची पट्टी देऊन वरून गुंडाळलेले बँडेज, घातले जाते आणि सूज उतरल्यावर चारी बाजूंनी बंद असलेले पक्के प्लास्टर होते. पक्के प्लास्टर दोन प्रकारचे असते. पांढरे, जुने, स्वस्त आणि जड असे प्लास्टर ऑफ पॅरिस जिप्समच्या भुकटीचे बनते. अँटोनियस मॅथिसेन या डच लष्करी शल्यचिकित्सकाने १८५२ साली त्याच्या पट्ट्यांची पद्धत प्रसिद्ध केली आणि तत्त्व आजही तेच आहे. भुकटी पाणी शोषून घट्ट होताना उष्णता बाहेर पडते, त्यामुळे प्लास्टर घालताना पाय गरम लागतो. मुलाला हे आधीच सांगून ठेवले, तर ते घाबरत नाही. हे प्लास्टर हाताला कडक लागले तरी आतून पूर्ण वाळायला दोन ते तीन दिवस घेते. दुसरे फायबरचे प्लास्टर हलके, रंगीत आणि महाग असते, आणि अर्ध्या तासात पक्के होते.

प्लास्टर ऑफ पॅरिस ओले आहे तोवर ते बोटांच्या टोकांनी दाबून उचलू नये. बोटांनी पडलेला खळगा तसाच वाळतो आणि आतल्या कातडीवर आठवडेच्या आठवडे रुतत राहतो; म्हणून पाय नेहमी दोन्ही तळहातांवर तोलून उचलावा आणि मऊ उशीवर ठेवावा. वर चादर किंवा गोधडी घालू नये, हवा लागू द्यावी, पण हीटरने किंवा गरम हवेच्या ड्रायरने घाईने वाळवायला जाऊ नये.

पहिले तीन दिवस

सगळ्या काळजीचा मोठा वाटा या तीन दिवसांत येतो. मोडलेल्या जागी सूज वाढत असते आणि बाहेरचे प्लास्टर मात्र जराही सैल होत नाही. सूज कमी ठेवण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय फुकटचा आहे: पाय हृदयाच्या पातळीपेक्षा वर ठेवणे. आपल्याकडे मुलाला सोफ्यावर बसवतात, पाय समोरच्या स्टुलावर ठेवतात आणि टीव्ही लावून देतात. अशा बसण्यात पाय छातीच्या बराच खाली राहतो. मुलाला पाठीवर आडवे करावे आणि पायाखाली दोन-तीन उशा अशा रचाव्यात, की गुडघा कमरेपेक्षा आणि बोटे गुडघ्यापेक्षा उंच येतील. टाच मात्र उशीवर टेकू देऊ नये. उशी पोटरीपाशी संपवून टाच अधांतरी ठेवावी, कारण टाचेची कातडी सततच्या दाबाने सर्वांत आधी सोलवटते. बर्फ लावायचा असल्यास तो प्लास्टिकच्या पिशवीत, वर कोरड्या टॉवेलात गुंडाळून प्लास्टरवरून ठेवावा. एका वेळी पंधरा-वीस मिनिटे पुरेशी होतात.

बोटांची तपासणी दर काही तासांनी, आणि पहिल्या दोन रात्री मूल झोपेत असतानाही एक-दोनदा करावी. अंगठ्याचे नख चिमटीत दाबले की ते पांढरे पडते. सोडल्यावर साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाले, तर रक्त नीट फिरते आहे. दुसऱ्या पायाच्या अंगठ्याशी ताडून पाहिले, तर फरक पटकन कळतो. सावळ्या मुलांमध्ये कातडीचा रंग फसवू शकतो, म्हणून रंग नखातच पाहावा. बोटे कोमट आहेत का, हलकेच स्पर्श केलेला मुलाला कळतो का, सांगितल्यावर ते बोटे वर-खाली करते का, हेही पाहावे. थोडी सूज आणि थोडा निळसरपणा पाय खाली सोडल्यावर येतो आणि वर केल्यावर जातो. तेवढ्याने घाबरू नये.

एका गोष्टीने मात्र घाबरलेच पाहिजे. नडगीच्या भोवतीचे स्नायू पातळ पण चिवट पडद्यांच्या बंद कप्प्यांत असतात. सूज वाढून कप्प्यातला दाब इतका वाढला, की बारीक रक्तवाहिन्याच दबतात आणि स्नायूला रक्त मिळेनासे होते. याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. तो क्वचितच होतो, परंतु झाला तर सहा-आठ तासांत स्नायूंचे कायमचे नुकसान होऊ शकते. मोठा माणूस दुखणे शब्दांत सांगतो. लहान मूल तसे सांगत नाही; ते बेचैन होते, कशानेच शांत होत नाही, रडणे थांबवत नाही, आणि आधी ज्या औषधाने झोपले होते त्याच औषधाचा आता उपयोग होत नाही. पहिल्या दिवशी दुखणे असतेच, पण तासागणिक ते कमी होण्याऐवजी वाढत चालले असेल, आणि बोटे हळूच सरळ ताणली की मूल किंचाळत असेल, तर ही धोक्याची घंटा समजावी. बोटे अजून गुलाबी आहेत, म्हणून निर्धास्त राहणे चुकीचे आहे: बोटे थंड पडणे, पांढरी होणे, बधिर होणे या खुणा उशिरा येतात.

अशा वेळी औषधाचा आणखी एक डोस देऊन सकाळच्या ओपीडीची वाट पाहू नये. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. वाटेत पाय उशांवर उंच न ठेवता हृदयाच्या पातळीवर ठेवावा, कारण या अवस्थेत पाय फार वर केला तर आधीच अपुरे असलेले रक्त आणखी कमी पोहोचते. रुग्णालयात प्लास्टर आणि त्याखालचा कापूस लांबीत चिरून सैल करतात, आणि पुष्कळांना तेवढ्यानेच उतार पडतो. न पडल्यास तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते. तपासून काहीच निघाले नाही, तर कोणी चांगला डॉक्टर “उगाच आलात” असे म्हणणार नाही.

दुखण्यावर सहसा पॅरासिटामॉल दिले जाते. त्याचा डोस वयावर नव्हे, तर वजनावर ठरतो: दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर, आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. गफलत होते ती बाटलीत. बाजारात ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमचे आणि २५० मिलिग्रॅमचे असे दोन्ही प्रकारचे सिरप मिळते. २० किलोच्या मुलाला २०० ते ३०० मिलिग्रॅम लागते, म्हणजे २५० च्या बाटलीतला ५ मिलिलिटरचा चमचा पुरेसा होतो आणि १२० च्या बाटलीतल्या तेवढ्याच चमच्यातून गरजेच्या जेमतेम निम्मेच औषध जाते. तान्ह्या बाळांसाठीचे थेंब तर याहून कितीतरी तीव्र असतात, म्हणून ते सिरपच्या मापाने कधीच देऊ नयेत. काही सिरपांत पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही असतात, आणि शेजारी साधे पॅरासिटामॉलही चालू असले, तर नकळत दुप्पट डोस जातो. घरात मोठ्यांसाठी आणलेली निमेसुलाइडची गोळी तोडून देऊ नये. बारा वर्षांखालील मुलांसाठी या औषधावर भारतात २०११ पासून बंदी आहे. ॲस्पिरिनही मुलांना द्यायचे नसते. पहिल्या काही रात्री झोप लागता लागता पायाचे स्नायू अचानक आखडतात आणि मूल दचकून ओरडते. हे तीन-चार दिवसांत कमी होते, आणि झोपण्यापूर्वीचा डोस वेळेवर दिला तर बराच आराम पडतो.

पाणी, खाज आणि मुंग्या

आठवड्याभराने दुखणे ओसरते आणि खाज सुरू होते. प्लास्टरच्या आत पट्टी, विणकामाची सुई, पेन्सिल किंवा झाडूची काडी घालण्याचा मोह मुलालाही होतो आणि मोठ्यांनाही. आतली कातडी घामाने नरम झालेली असते. तिला एवढासा ओरखडा पडला तरी तो बंद जागेत चिघळतो आणि बाहेरून काही कळत नाही. शिवाय आतला कापूस गोळा होऊन एका जागी सरकतो आणि त्याचा दाब पडतो. खाजणाऱ्या जागी प्लास्टरवर बाहेरून टिचक्या माराव्यात, ड्रायरची थंड हवा कडेने आत सोडावी, दुसऱ्या पायाच्या तशाच जागी खाजवावे. हा शेवटचा उपाय ऐकायला विचित्र वाटतो, पण मुलांना तो गमतीचा वाटतो आणि बऱ्याचदा लागूही पडतो. खाज फारच असल्यास डॉक्टर रात्री देण्यासाठी औषध लिहून देतात. पावडर आत टाकू नये, तिचे गोळे होतात.

प्लास्टर ऑफ पॅरिस भिजले तर ते विरघळू लागते आणि त्याचा आधारच जातो. फायबरचे कवच पाण्याने बिघडत नाही, पण “फायबरचे आहे, मग चालते” हा समज निम्माच खरा आहे: आतला कापूस ओला झाला, की तो दिवसेंदिवस वाळत नाही, कातडी पांढरी पडून सडू लागते आणि वास येतो. पावसाळ्यात मुंबईत आणि कोकणात, जिथे दोरीवरचे कपडेही वाळत नाहीत, तिथे हा धोका अधिक. अंघोळीऐवजी अंग ओल्या फडक्याने पुसून घेणे सर्वांत सोपे. केस धुवायचे असतील, तर मुलाला पलंगावर आडवे करून डोके कडेबाहेर घ्यावे आणि खाली बादली ठेवावी. प्लास्टिकची पिशवी घालून वरून चिकटपट्टी लावली तरी ती शिंतोड्यांपुरतीच आहे, असे धरून चालावे. थोडा ओलावा लागला तर थंड हवेच्या ड्रायरने वाळवावा. आतपर्यंत भिजले असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

अंथरुणावरच जेवण होऊ लागले, की चिवडा, बिस्किटे, पोळी यांचे कण प्लास्टरच्या कडेतून आत जातात, आणि ज्या घरात मुंग्या आहेत तिथे त्या मागोमाग येतात. जेवताना प्लास्टरच्या वरच्या तोंडावर स्वच्छ रुमाल किंवा टॉवेल खोचून ठेवावा. फायबरची कड मांडीला घासत असेल, तर तिच्यावर कागदी चिकटपट्टीचे तुकडे एकमेकांवर किंचित चढवून लावावेत, आणि कड स्वतः कापायला जाऊ नये.

आतल्या कातडीची जखम ओळखण्यासाठी नाक उपयोगी पडते. रोज एकदा प्लास्टरच्या दोन्ही तोंडांशी वास घेऊन पाहावा. घामाचा आंबूस वास सगळ्याच प्लास्टरांना येतो. कुजकट वास, प्लास्टरवर आतून उमटलेला डाग, दुसरे कारण नसताना आलेला ताप, किंवा हाड मोडले ती जागा सोडून टाचेवर अथवा घोट्यावर एकाच ठिकाणी होणारी जळजळ, यांपैकी काहीही असले तर दाखवून घ्यावे. आश्चर्य म्हणजे ही जळजळ काही दिवसांनी आपोआप थांबली, तर ती अधिक काळजीची बाब असते, कारण तोवर कातडी बधिर झालेली असू शकते. बोटे हळूहळू प्लास्टरच्या आत सरकून दिसेनाशी होऊ लागली, तर प्लास्टर सैल झाले आहे असे समजावे.

शौचालय, उचलणे आणि मांडीचे प्लास्टर

लांब प्लास्टरमध्ये गुडघा बहुधा थोडा वाकवून ठेवलेला असतो आणि उकिडवे बसणे शक्यच नसते, त्यामुळे भारतीय पद्धतीचे शौचालय असलेल्या घरांत पहिल्याच सकाळी अडचण उभी राहते. औषधांच्या आणि वैद्यकीय साहित्याच्या दुकानांत कमोडची खुर्ची मिळते, आणि पुष्कळ ठिकाणी ती भाड्यानेही देतात. बसताना दुखरा पाय तेवढ्याच उंचीच्या स्टुलावर उशी घालून ठेवावा. एकाने मागून काखेत धरावे आणि दुसऱ्याने फक्त प्लास्टर सांभाळावे. लघवीसाठी पलंगाजवळ भांडे असू द्यावे. या वयाच्या मुलांना लाज वाटते आणि त्यामुळे ती पाणी कमी पितात. पाणी कमी, हालचाल नाही आणि दुधाचा मारा असे एकत्र आले, की हमखास बद्धकोष्ठ होते. पेरू, पपई, भिजवलेल्या मनुका, पालेभाजी आणि दाराशी पडदा एवढ्याने बरेच प्रश्न सुटतात.

मांडीचे हाड मोडले असेल तर गोष्ट वेगळी असते. साधारण सहा महिने ते पाच वर्षे या वयात पोटापासून एका किंवा दोन्ही पायांपर्यंत जाणारे मोठे प्लास्टर घालतात, त्याला स्पायका म्हणतात; त्याहून मोठ्या मुलांत हाडाच्या पोकळीत लवचिक सळया घालण्याची शस्त्रक्रिया अधिक केली जाते. स्पायकातले मूल पाहून पालकांना धक्का बसतो, मूल मात्र आठवड्याभरात रुळते. दोन पायांच्या मध्ये जो दांडा असतो तो प्लास्टरच्या मजबुतीसाठी आहे. त्याला धरून मुलाला उचलू नये, प्लास्टर तिथूनच तुटते. एक हात पाठीखाली आणि एक मांड्यांखाली घालून, शक्यतो दोघांनी मिळून उचलावे. लहान मापाचा डायपर प्लास्टरच्या कडांखाली खोचून त्यावर मोठा डायपर बाहेरून बांधावा, वारंवार बदलावा, आणि डोक्याकडची बाजू किंचित उंच ठेवावी, म्हणजे ओल पाठीकडे जात नाही. दर दोन-तीन तासांनी कूस बदलावी. जेवण थोडे थोडे द्यावे, कारण पोटाला फुगायला जागा नसते. पलंगापेक्षा जमिनीवरची गादी बरी: पडण्याची भीती नाही, आणि छातीखाली उशी देऊन पालथे ठेवले, तर मूल खेळूही शकते.

खाणे आणि घरगुती उपाय

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला ६५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. गायीच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम आणि १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. म्हणजे दिवसाला दोन कप, सुमारे ४०० मिलिलिटर, दूध आणि ५० ग्रॅम पिठाची एक नाचणीची भाकरी एवढ्यात ते भरून निघते. वर दही, तीळ, राजगिरा असेल तर उत्तमच. डाळ, अंडी, मासे यांतून प्रथिने मिळावीत. बकऱ्याच्या पायाचे सूप चवीला चांगले, पण त्यात कॅल्शियम फार थोडे उतरते. आवडत असेल तर द्यावे, औषध म्हणून नको. व्हिटॅमिन डीच्या ६०,००० युनिटांच्या पुड्या कोणाच्या तरी सल्ल्याने आठवड्यामागून आठवडे देत राहणे धोक्याचे आहे: हे जीवनसत्त्व शरीरात साठते आणि अति झाले, की रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. किती आणि किती आठवडे, हे डॉक्टरांनीच ठरवावे.

हाडवैद्याकडे नेण्याचा आग्रह घरातली वडीलधारी माणसे मनापासूनच करतात आणि त्यांना उडवून लावण्याची गरज नाही. परंतु प्लास्टर उतरवून बांबूच्या कामट्या घट्ट बांधल्यामुळे रक्तपुरवठा तुटून पाय गमावण्याची वेळ आल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. चोळण्याने ताजे जुळणारे हाड हलते. मुलांची हाडे बहुधा कसेही जुळतातच, म्हणून श्रेय शेवटी लेपाला जाते. हाडजोडी या वनस्पतीचा लेप प्लास्टरच्या कडेला लावल्याने हाड लवकर जुळत नाही, कातडीला फोड मात्र येऊ शकतात.

शाळा, कुबड्या आणि फेरतपासणी

पहिला आठवडा घरी गेल्यावर, दुखणे आटोक्यात असेल आणि शाळा तळमजल्यावर बसण्याची सोय करत असेल, तर मुलाला शाळेत पाठवणे घरात कंटाळून चिडचिड करू देण्यापेक्षा चांगले. स्कूटरवर मधे बसवून नेऊ नये. रिक्षात पाय मागच्या सीटवर आडवा राहतो, फक्त तो बाहेर डोकावता कामा नये. पायावर भार टाकायचा की नाही आणि कधीपासून, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले नसेल, तर विचारून घ्यावे. प्रत्येक मुलाचे उत्तर वेगळे असते.

कुबड्या साधारण सहा-सात वर्षांपुढच्या मुलांना जमतात, त्याहून लहानांना वॉकर किंवा चाकाची खुर्ची बरी पडते. कुबडीचे वरचे टोक काखेच्या दोन-तीन बोटे खाली यावे आणि भार तळहातांवर पडावा. काखेवर लोंबकळले, तर तिथल्या नसा दबून हात बधिर होतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि कुबड्या आधी. खालची रबरे झिजली आहेत का ते पाहावे, आणि ओल्या फरशीवर कुबड्या वापरूच देऊ नयेत.

साधारण आठवड्याने होणारा दुसरा एक्स-रे टाळू नये. पैसे काढण्यासाठी बोलावतात, ही शंका अनेकांच्या मनात येते. सूज उतरली की प्लास्टर आत सैल पडते आणि हाडाची टोके सरकू शकतात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ती पुन्हा जागेवर आणता येतात, त्यानंतर हाड आहे तसे जुळून जाते. पायाच्या एक्स-रेतले किरण फारच थोडे असतात.

प्लास्टर काढल्यानंतर

काढण्याच्या यंत्राचा आवाज भयंकर असतो आणि मुले त्याला घाबरतात. त्याची पाती गोल फिरत नाही, ती जागच्या जागी बारीक थरथरते. त्यामुळे कडक प्लास्टर कापले जाते आणि मऊ कातडी पातीबरोबर हलून वाचते. पुष्कळ डॉक्टर पाती क्षणभर स्वतःच्या तळहाताला टेकवून दाखवतात, आणि त्याने मुलाचा अर्धा धीर परत येतो. पाती तापू शकते. चटका लागल्यासारखे वाटले तर लगेच सांग, असे मुलाला बजावून ठेवावे. कान झाकायला काहीतरी न्यावे.

आतून जो पाय निघतो तो पाहून आई-वडीलच हबकतात: पोटरी बारीक, कातडी पिवळट आणि पापुद्रे सुटलेली, केस दुसऱ्या पायापेक्षा काळे आणि लांब. हे सगळे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पूर्ववत होते. पापुद्रे घासून काढू नयेत. कोमट पाण्यात पाय बुडवून ठेवावा, टॉवेलने टिपावा, हलके खोबरेल तेल लावावे. लावावे, चोळू नये. आखडलेला गुडघा आणि घोटा मूल खेळता खेळता स्वतःच मोकळा करते, दुसऱ्याने जोर लावून वाकवायचा नसतो. लहान मुलांना फिजिओथेरपिस्टची गरज क्वचितच पडते. तीन-चार आठवडे मूल लंगडत चालते, पाऊल बाहेर टाकून चालते, आणि मांडी घालून किंवा उकिडवे बसणे सर्वांत शेवटी जमते. धावणे, उड्या मारणे, फुटबॉल, सायकल यांसाठी प्लास्टर निघाल्यावरही साधारण चार ते सहा आठवडे थांबावे लागते, कारण नवे हाड अजून पुरेसे घट्ट नसते आणि याच काळात ते पुन्हा मोडण्याची भीती असते. सहा-आठ आठवड्यांनंतरही लंगडणे कमी होत नसेल किंवा रात्री दुखून मूल उठत असेल, तर पुन्हा दाखवावे.

मांडीचे हाड जुळताना तिथला रक्तपुरवठा वाढतो आणि दोन ते दहा वर्षांच्या मुलांत तो पाय पुढच्या दीड-दोन वर्षांत एखादा सेंटिमीटर, क्वचित दोन, जास्त वाढतो. हे ठाऊक असल्यामुळेच लहान मुलांत डॉक्टर हाडाची टोके कधी मुद्दाम किंचित एकमेकांवर चढलेली ठेवतात. घोट्याजवळ किंवा गुडघ्याजवळ वाढीच्या चकतीतून, म्हणजे हाडाच्या टोकाजवळच्या ज्या मऊ थरातून हाड लांबीला वाढते तिथून, हाड मोडले असेल, तर मूल मैदानात धावू लागल्यावरही सहा महिन्यांनी आणि वर्षाने तपासणीला जावे लागते, कारण चकतीचा एखादा भाग वाढायचा थांबला असेल तर पाय वाकडा किंवा आखूड होत जातो आणि ते लवकर कळले तर उपाय सोपा असतो. त्यासाठी पहिल्या दिवसापासूनचे सगळे एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड एका पाकिटात घालून मुलाच्या लसीकरणाच्या कार्डाशेजारी ठेवावेत.